खुब्यातलं इंजेक्शन आणि माझ्याच प्लेटलेटची मोजणी

‘खुबा’ हा शब्द आपण फक्त म्हातारी माणसं पडली की बाहेर काढतो. खुबा मोडतो. खुबा दुखतो असं मात्र मी चोपन्न वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. दुखते ती कंबर. बरगड्यांच्या खाली आणि गुडघ्याच्या वर जे काही ठणकेल ते सगळं कमरेच्या खात्यात जमा. त्यात बायकांना ‘जांघेत दुखतंय’ हे परक्या माणसासमोर म्हणवत नाही, म्हणून हात आपोआप मागे जातो आणि तोंडातून निघतं, ‘इथे हो, कमरेत.’

मीही तेच म्हणाले. त्यामुळे आठ महिने माझ्या कमरेवर उपचार झाले. कमरेचा एमआरआय झाला, त्यात मणक्यातली एक गादी जराशी पुढे आलेली दिसली. पन्नाशीनंतर ज्याचा काढाल त्याचा काढा, काही ना काही निघतंच. पट्टा झाला, शेक झाला, ट्रॅक्शन झालं. कंबर बिचारी निर्दोष होती. ती सगळं सोसत राहिली आणि मी लंगडत राहिले.

मी लॅब टेक्निशियन आहे. सव्वीस वर्षं लोकांचं रक्त काढते, ट्यूब फिरवते, मोजते, रिपोर्ट देते. तेव्हा शरीराबद्दल मला चार गोष्टी जास्त कळायला हव्या होत्या. पण काउंटरच्या त्या बाजूला गेलं की सगळेच सारखे.

खरा पुरावा रोज सकाळी माझ्या हातात होता, तो म्हणजे डावा मोजा. उजवा मोजा मी उभ्या उभ्या चढवायची. डाव्यासाठी पलंगावर बसायचं, गुडघा छातीकडे ओढायचा, तो अर्ध्यात अडायचा, मग पाठ वाकवून, श्वास रोखून मोज्याचं तोंड अंगठ्यावर नुसतं फेकायचं. लागला तर लागला. डाव्या पायाची नखं लेक कापायची. गाडीत बसताना डावा पाय हाताने उचलून आत घ्यायचा. कंबरदुखीत यातलं काही एवढं होत नाही, पण हे तेव्हा कोण सांगणार?

सांगितलं ते अस्थिरोग विभागातल्या एका ज्युनिअर डॉक्टरने. रिपोर्ट न्यायला आला होता, मला चालताना पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, बोलू नका, नुसतं हाताने दाखवा कुठे दुखतं ते.” मी डावा हात कमरेच्या खाली बाजूला ठेवला, अंगठा मागे, चार बोटं पुढे जांघेवर. तो हसलाच. असा पंजा धरून दाखवलं की इंग्रजी ‘सी’ अक्षर होतं, आणि बहुतेक वेळा खुब्याच्या सांध्याचाच पेशंट असा दाखवतो. मग त्याने मला कॉटवर झोपवलं, गुडघा नव्वद अंशात वाकवला आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला नेलं. पाऊल बाहेर गेलं की मांडीचं हाड खुब्यात आत फिरतं. सांधा झिजायला लागला की सहसा हीच हालचाल आधी जाते. पाऊल चार बोटं सरकलं असेल, मी किंचाळले. पलीकडच्या खोलीत रक्त द्यायला बसलेला मुलगा उठून गेला, तो दुसऱ्या दिवशी आला.

त्या दिवशी मला कळलं की खुब्याच्या सांध्याचं दुखणं जांघेत आणि मांडीच्या पुढच्या भागात उतरतं, कधी कधी तर नुसत्या गुडघ्यात. बाहेरच्या बाजूला, म्हणजे कुशीवर झोपल्यावर जे हाड गादीला टेकतं तिथे दुखत असेल, तर बहुतेक वेळा दोष सांध्यात नसतो, तिथल्या स्नायूंच्या कंडऱ्यांत असतो. ढुंगणात मागे दुखलं की मणका किंवा त्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीच्या सांध्याकडे बघायचं. तीन जागा, तीन वेगळे आजार, आणि आपल्याकडे शब्द एकच.

एक्स-रेत डाव्या सांध्यातली फट वरच्या बाजूला निम्म्यावर आलेली होती. केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी १९५७ साली सांध्याच्या झिजेच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवून दिल्या, त्या आजही वापरतात. मी दुसऱ्या पायरीवर होते. खुब्याचा एमआरआय केला त्यात हाडाचा रक्तपुरवठा ठीक होता. हे बघणं फार गरजेचं, कारण रक्तपुरवठा तुटून मांडीच्या हाडाचं डोकं मरायला लागलं असेल तर तो आजारच निराळा, आणि त्याला नुसतं सांध्यात इंजेक्शन देत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

आता थोडं शाळेतलं. उखळीचा सांधा आठवतो? मांडीच्या हाडाचा गोळा, ओटीपोटाच्या हाडातली उखळ, उखळीच्या काठाला वॉशरसारखी एक लवचीक कडा, आणि दोन्ही हाडांवर गुळगुळीत कूर्चेचा थर. कूर्चेत रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. विरळ पेशी आहेत, त्यांना खाणंपिणं मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून, चालताना दाबलं-सोडलं जातं त्या पंपावर. रक्त पोचत नाही म्हणून हातावरच्या जखमेसारखी ही जखम भरत नाही. मज्जातंतू नाही म्हणून कूर्चा स्वतः दुखतही नाही. दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं अस्तर आणि आजूबाजूचं. म्हणूनच कुणाचा एक्स-रे भयानक आणि माणूस टेकड्या चढतोय, तर कुणाचा एक्स-रे बरा आणि माणसाला मोजा घालता येत नाही.

पीआरपीची कल्पना इथून सुरू होते. पीआरपी म्हणजे प्लेटलेट जास्त असलेला रक्तद्रव. जखम झाली की सर्वांत आधी धावतात त्या प्लेटलेट. त्या नुसतं रक्त थांबवत नाहीत, त्यांच्या पोटातल्या कणांमधून दुरुस्तीची सूचना देणारी रसायनं सोडतात. मग कूर्चेपर्यंत रक्त पोचत नसेल तर आपण प्लेटलेट काढून तिथे नेऊन सोडू. तर्क इतका देखणा आहे की खरा असलाच पाहिजे असं वाटतं. मला तर जास्तच वाटलं, कारण सगळा मामला माझ्याच टेबलावरचा होता: ट्यूब, ती गरगर फिरवणारा सेंट्रीफ्यूज, थर.

आणि मी पहिल्याच ठिकाणी फसले.

त्या दवाखान्याचं नाव लिहीत नाही. भिंतीवर ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा एक्स-रेच्या जोड्या लावलेल्या. नंतरच्या फोटोत फट दुप्पट. “कूर्चा परत येते मॅडम, तीन इंजेक्शनांचं पॅकेज आहे.” त्यातली एक जोडी मी मोबाइलवर टिपली आणि आमच्या एक्स-रे विभागातल्या सहकाऱ्याला दाखवली. त्याने दोन सेकंदांत मोबाइल परत दिला. दुसऱ्या फोटोत ओटीपोट वेगळ्या कोनात होतं, आणि एक फोटो उभ्याने, दुसरा झोपवून काढलेला असावा. झोपलं की अंगाचं वजन सांध्यावर येत नाही, फट मोठी दिसते. हे त्याने सांगितलं तेव्हा माझं पहिलं इंजेक्शन होऊन गेलं होतं.

ते इंजेक्शन असं झालं. एका मुलीने माझं रक्त काढलं. काढलं बरं, तक्रार नाही. ट्यूब मशीनमध्ये घातल्या, बटण दाबलं. मी सवयीने विचारलं, “किती जी?” ती म्हणाली, “१५०० आरपीएम.” लॅबवाल्यांना कळेल मी का गप्प झाले. आरपीएम म्हणजे मिनिटाला किती फेरे, जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर. ट्यूबवर प्रत्यक्ष जोर किती बसतो ते रोटरच्या त्रिज्येवर ठरतं. त्याच १५०० फेऱ्यांना दहा सेंटीमीटर त्रिज्येच्या रोटरमध्ये साधारण २५० जी जोर लागतो, पंधरा सेंटीमीटरमध्ये ३७७. एवढ्या फरकाने प्लेटलेट वर राहतील की लाल पेशींबरोबर खाली बसतील हे बदलू शकतं. ‘१५०० आरपीएम’ हे उत्तर म्हणजे ‘मध्यम आचेवर’ असं सांगण्यासारखं. तुमची मध्यम की माझी?

सिरिंज आली ती गुलाबी होती. चांगला पीआरपी मला वाटतं गवताच्या काडीच्या रंगाचा, थोडा गढूळ असायला हवा. गुलाबी म्हणजे लाल पेशी वर ओढल्या गेल्या. लाल पेशी सांध्यात फुटल्या तर आतल्या अस्तराला चांगल्या नाहीत. मी म्हणाले, “यात आरबीसी आलेत.” उत्तर मिळालं, “थोडे चालतात.” काउंट केला का, तर नाही. सोनोग्राफी मशीन कुठाय, तर “मला अंदाज आहे.” गुडघ्यात अंदाजाने सुई घालणारे कसबी हात असतात. खुबा मात्र खोल आहे, पुढून मांडीची मोठी धमनी, शीर आणि मज्जातंतू जातात. माझ्या बाहेरच्या बाजूने, हाडाला चाचपून, सुई आत गेली. ती सांध्यात पोचली की नाही हे मला, त्या डॉक्टरांना किंवा देवाला तिघांपैकी एकालाच माहीत असेल. तीन रात्री मी कुशीवर वळू शकले नाही. चौथ्या दिवसापासून दुखणं पहिल्यासारखं. पॅकेजमधली उरलेली दोन मी घेतली नाहीत, पैसे अर्थात गेले.

माझा राग फसवणुकीवर कमी आणि स्वतःवर जास्त होता. आमच्याकडे एखाद्याचा हिमोग्लोबिनचा आकडा विचित्र आला तर आम्ही सँपल दुसऱ्यांदा लावतो. आणि इथे माझ्या सांध्यात काय गेलं याचा एक आकडाही नव्हता.

मग मी वाचायला बसले. रात्री लेक झोपल्यावर, पाय उशीवर ठेवून.

सगळ्यात आधी लागलं ते अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेचं आणि आर्थ्रायटिस फाउंडेशनचं २०१९ चं मार्गदर्शन. गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी पीआरपी आणि स्टेम सेल, दोन्हींच्या विरोधात त्यांनी ठाम शिफारस केली आहे. कारण वाचून मी उठून बसले: तयार करण्याच्या पद्धती इतक्या निरनिराळ्या आहेत की नक्की काय टोचलं जातंय हेच स्पष्ट नाही. अगदी हेच तर मी त्या गुलाबी सिरिंजकडे बघून म्हणत होते! त्याच मार्गदर्शनात खुब्यात वंगणाचं, म्हणजे हायलुरॉनिक अॅसिडचं इंजेक्शनही नको म्हटलंय. स्टेरॉइडला मात्र हो, आणि खुब्यात देताना सोनोग्राफीखालीच द्या असंही.

मग ऑस्ट्रेलियातला अभ्यास, २०२१ साली प्रसिद्ध झालेला. गुडघ्याचा आहे, पण नेटका. २८८ माणसं, निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, कुणाला काय ते त्यांना ठाऊक नाही. वर्षभराने दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं होतं आणि दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. कूर्चाही दोन्हीकडे सारखीच झिजली. मिठाच्या पाण्याने बरं वाटलेल्या माणसांबद्दल मला फार आपुलकी वाटली. माणूस इंजेक्शन घ्यायला कधी जातो? दुखणं अगदी टोकाला गेलं की. टोकाला गेलेलं दुखणं पुढच्या काही आठवड्यांत आपलं आपणही थोडं खाली येतं. मधल्या काळात जे टोचलं असेल त्याला श्रेय मिळतं.

पीआरपीच्या बाजूचे लोक यावर म्हणतात की त्या अभ्यासात प्लेटलेटच फार कमी होत्या. हा युक्तिवाद मला पटतो, निदान तपासून बघावासा वाटतो. २०२१ मध्येच आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात गुडघ्यात ८ मिलीमधून तब्बल १,००० कोटी प्लेटलेट दिल्या होत्या आणि त्यांना वर्षभर फायदा दिसला. म्हणजे मात्रेचा प्रश्न आहे. आणि मात्रा म्हटलं की गणित आलं, गणित आलं की मी आले.

माझा काउंट २ लाख ४० हजार, दर मायक्रोलिटरला. ३० मिली रक्त काढलं तर त्यात सगळ्या मिळून प्लेटलेट ७२० कोटी. एकही वाया न घालवता, एकही न फोडता सगळ्या गोळा केल्या तरी हजार कोटी होत नाहीत, आणि हाताने फिरवलेल्या ट्यूबमध्ये निम्म्या जातातच. शिवाय खुब्यात गुडघ्याइतकी जागा नाही, भरपूर द्रव मावत नाही. हे गणित पाठकोऱ्या कागदावर मांडायला पाच मिनिटं लागली. भिंतीवर एक्स-रे लावणाऱ्यांनी ते केलं नसेल असं कसं म्हणू?

स्टेम सेलबद्दल थोडक्यात, कारण माझ्या मावसबहिणीला त्याचा सल्ला मिळाला आहे आणि ती हे वाचेल. ओटीपोटाच्या हाडातून मगज किंवा पोटावरची चरबी काढायची, त्यातल्या पेशी सांध्यात सोडायच्या आणि तिथे नवी कूर्चा उगवेल म्हणायचं. ज्या अरनॉल्ड कॅप्लान यांनी १९९१ मध्ये या पेशींना ‘मेसेनकायमल स्टेम सेल’ हे नाव दिलं, त्यांनीच २०१७ मध्ये लेख लिहिला की हे नाव आता बदला, लोकांची दिशाभूल होते. या पेशी नवा अवयव घडवत नाहीत, आजूबाजूच्या पेशींना संदेश देतात असं त्यांचं म्हणणं. २०२३ मध्ये मगज, चरबी आणि नाळ अशा तिन्ही ठिकाणच्या पेशींची गुडघ्यात साध्या स्टेरॉइडशी तुलना झाली. वर्षाच्या शेवटी कुणीही स्टेरॉइडच्या पुढे नव्हतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने, म्हणजे एफडीएने, हाडासांध्यांच्या कुठल्याही आजारासाठी स्टेम सेलचा एकही उपचार मंजूर केलेला नाही. ताई, हाडात भोक पाडून घेण्याआधी फोन कर.

ग्लुकोजच्या तीव्र द्रावणाचीही इंजेक्शनं असतात. प्रोलोथेरपी म्हणतात, जॉर्ज हॅकेट नावाच्या सर्जनने १९५० च्या दशकात हे नाव रूढ केलं. मी त्या वाटेला गेले नाही, त्यामुळे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

एवढं सगळं वाचल्यावर शहाण्या बाईने काय करावं? व्यायाम करावा. मी काय केलं? व्यायाम सुरू केला आणि पुन्हा पीआरपी घेतलं.

हसा. पण माझी बाजू ऐका. दुसरे डॉक्टर त्याच ज्युनिअरने सुचवले. त्यांनी आधी स्टेरॉइडबद्दल सांगितलं, की २०२२ च्या एका ब्रिटिश अभ्यासात खुब्यात सोनोग्राफीखाली दिलेल्या स्टेरॉइडने दुखण्यात फरक पडला आहे, पण ते पुन्हा पुन्हा घ्यायचं नाही, आणि सांधा बदलायचं ठरलं तर आधीचे तीन महिने अजिबात नाही, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. मला साखरेचा त्रास आहे, स्टेरॉइडने ती चढते, म्हणून मी कचरत होते. मी पीआरपीचं विचारलं. ते म्हणाले, “कूर्चा येणार नाही. चार-सहा महिने बरे गेले तर गेले. नाही गेले तर मी दुसरं करू म्हणणार नाही.” आजवर मला कुठल्याही डॉक्टरने एवढं कमी आश्वासन दिलं नव्हतं. मी एकच अट घातली: चार थेंब मला मोजायला द्यायचे. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, “चालेल. मलाही सांगा.”

आठवडाभर आधी दुखण्याच्या गोळ्या बंद. हे मला सांगावं लागलं नाही. अॅस्पिरिन घेतलेली प्लेटलेट तिच्या उरलेल्या सात-दहा दिवसांच्या आयुष्यात धड काम करत नाही. अशा प्लेटलेट गोळा करून काय करायचं?

रक्त गोठू नये म्हणून ते सायट्रेटवर घेतलं, आमच्या जांभळ्या बुचाच्या ईडीटीएवर नाही, कारण त्याने प्लेटलेटचा आकार बिघडतो. पहिली फेरी हळू. ट्यूब बाहेर आली तेव्हा मी कॉटवरून मान उंचावून पाहिली. खाली गडद लाल, वर पिवळट, आणि मधे नखाच्या कडेएवढा पांढुरका पट्टा. या पट्ट्याला बफी कोट म्हणतात. पांढऱ्या पेशी तिथे असतात. सुई त्याच्या किती जवळ न्यायची यावर सगळा खेळ. जवळ नेली तर प्लेटलेट जास्त मिळतात पण पांढऱ्या पेशीही येतात, सांध्यात त्या सूज वाढवतात असं मानतात. लांब ठेवली तर नुसतंच पिवळं पाणी. डॉक्टरांच्या टेक्निशियनचा हात पट्ट्याच्या वर केसभर थांबला आणि तिथून फिरत फिरत वरचं ओढत गेला. मी मनात म्हटलं, हिला आमच्याकडे घ्यायला हवं. मग दुसरी फेरी जोरात, तळाशी बसलेल्या प्लेटलेट थोड्याच द्रवात हलक्या हाताने मोकळ्या केल्या. चार मिली. रंग गवताच्या काडीचा.

सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडे वळवून ठेवायला मी सांगितलं होतं. जांघेत धमनी धडधडताना दिसत होती, तिच्या बाहेरच्या बाजूला हाडाची पांढरी कमान, गोळा आणि त्याची मान. कातडीपुरती भूल दिली, सांध्यात नाही, कारण भुलेचं औषध कूर्चेच्या पेशींना मानवत नाही. नऊ सेंटीमीटरची सुई तिरकी, सावकाश आत गेली. पडद्यावर ती एक चमकती रेघ. गोळा आणि मान जिथे मिळतात तिथे रेघ टेकली, मला आत काहीतरी टणक टेकल्यासारखं कळलं, आणि मग सांध्याचं आवरण हाडापासून वर उचललं जाताना मी डोळ्यांनी पाहिलं. तंबू उभारतात तसं. त्या क्षणी जांघेत इतका दाब आला की डोळ्यांत पाणी. पण सुई कुठे आहे हे या वेळी खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

थेंब घेऊन लेक लॅबमध्ये गेली. मीच पाठवलं, मला गाडी चालवायची नव्हती. आकडा आला: ७ लाख ९० हजार. स्लाइड करून गुठळ्या नाहीत ना तेही सहकारणीने पाहिलं. म्हणजे माझ्या रक्ताच्या सव्वातीन पट, आणि चार मिलीत साधारण ३१६ कोटी. ७२० पैकी ३१६. डॉक्टरांना कळवलं. ते गप्प झाले, मग म्हणाले, “मला वाटायचं पाच पट तरी निघत असतील.”

दोन दिवस पाय टेकवला नाही. सूज उतरवणाऱ्या गोळ्या बंद, फक्त पॅरासिटामॉल. तिसऱ्या दिवसापासून चालले. दुसऱ्या आठवड्यापासून फिजिओथेरपीच्या मुलीने कुशीवर झोपून पाय उचलण्यापासून सुरुवात केली.

काठीची गोष्ट तिनेच सांगितली. मी काठी डाव्या हातात धरायची, कारण डावा खुबा दुखतो. सगळे तसंच धरतात. ती म्हणाली, उजव्या हातात. एका पायावर उभं राहिलं की ओटीपोट दुसऱ्या बाजूला कलंडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरचे स्नायू जोरात ओढतात, आणि त्या ओढीसकट खुब्यावर नुसतं चालतानाही वजनाच्या अडीच पटीच्या आसपास दाब येतो. काठी उलट्या हातात असली की ओटीपोट तिथून उचललं जातं, स्नायूंना कमी ओढावं लागतं. मी हात बदलला आणि कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन आले. कुठल्याही इंजेक्शनने मला पहिल्याच मिनिटाला इतका फरक दिला नव्हता. सव्वीस वर्षं दवाखान्यात काढून हे मला माहीत नसावं!

मी वही ठेवली होती. रोज सकाळी डावा मोजा किती सेकंदांत चढतो. इंजेक्शनच्या आधीच्या आठवड्यात सरासरी ७० सेकंद, चिडचिड धरून. पहिला महिना काहीच नाही, उलट दोन दिवस तर लेकीला बोलावलं. सातव्या आठवड्यात ४०. चौथ्या महिन्यात २५, आणि एक दिवस मी तो उभ्याने घातला, भिंतीला टेकून. नखं मात्र अजून लेकच कापते.

कशाने झालं? माझ्या अभ्यासात माणूस एकच, मिठाच्या पाण्याचा गट नाही, आणि इंजेक्शन, व्यायाम, काठी, चार किलो वजन कमी होणं हे सगळं एकाच वेळी. यातून पीआरपीने झालं असं मी कुणाच्या तोंडावर म्हणू शकत नाही. मैत्रिणी विचारतात तेव्हा मी आधी काठी आणि व्यायाम सांगते, त्यांचा चेहरा पडतो. त्यांना इंजेक्शनचं ऐकायचं असतं.

आता अकरा महिने झाले. गेल्या महिन्यापासून मोजा परत पस्तीसवर गेलाय. नवा एक्स-रे काढला, तसाच कोन, तसंच उभं राहून. फट वाढलेली नाही, फारशी घटलेलीही नाही. डॉक्टरांनी सांधा बदलण्याचा विषय प्रथमच काढला, घाई नाही म्हणाले. मला त्याची पूर्वी वाटायची तेवढी भीती नाही. ब्रिटिश सर्जन जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये आजच्या पद्धतीचा कृत्रिम खुबा बसवायला सुरुवात केली, आणि बदललेल्या खुब्यांपैकी साधारण ५८ टक्के पंचवीस वर्षं टिकतात हा २०१९ मध्ये निघालेला आकडा मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलाय. चोपन्न अधिक पंचवीस. बरं आहे की. दुसरं पीआरपी घ्यायचं का, हे अजून ठरवलं नाही.

डॉक्टर मात्र आता प्रत्येक पेशंटचे चार थेंब आमच्याकडे मोजायला पाठवतात. नाव नसतं, फक्त नंबर. गेल्या आठवड्यात एकाच दिवशी दोन आले. तेच मशीन, तेवढीच फेरी, त्याच मुलीचा हात. एकाचा आकडा ५ लाख १० हजार, दुसऱ्याचा १३ लाख २० हजार. मी दोन्ही दोनदा लावून पाहिले. रिपोर्टवर सँपलचा प्रकार लिहायचा असतो, तिथे दोन्हीकडे एकच शब्द टाकला: पीआरपी.